443 नाबाद, पण समोर कोण होते?

नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्यात पर्वरीच्या मैदानावर कश्यप बखले आणि स्नेहल कवठणकर या दोघांनी अरुणाचल प्रदेशविरुद्ध तिसऱ्या विकेटसाठी 606 धावांची अभंग भागीदारी केली. बखले 300 नाबाद, कवठणकर 314 नाबाद, गोवा 2 बाद 727. रणजी करंडकाच्या नव्वद वर्षांत एवढी मोठी भागीदारी झाली नव्हती. त्याआधीचा विक्रम आपल्या महाराष्ट्राचा. 2016 साली वानखेडेवर स्वप्नील गुगळे (351 नाबाद) आणि अंकित बावणे (258 नाबाद) यांनी दिल्लीविरुद्ध 594 धावा जोडल्या होत्या.

निझव्यात मराठी आणि गोमंतकीय मिळून आमची घरे बोटांवर मोजण्याइतकी. दर शुक्रवारी सकाळी ऊन चढायच्या आत खडीच्या मैदानावर चटई अंथरून आमचा सामना होतो, आणि सामन्यापेक्षा नंतरचा चहा जास्त वेळ चालतो. त्या आठवड्यात चहाला दोन तट पडले. म्हापशाचे एक सहकारी खुशीत होते. पुण्याच्या एकाने त्यांना एवढेच विचारले, "अहो, पण समोर कोण होतं?"

प्रश्न वाजवी होता. अरुणाचलचा पहिला डाव 84 धावांत आटोपला, दुसरा 92 धावांत. म्हणजे गोव्याच्या दोघांपैकी एकेकट्याच्या धावा समोरच्या अख्ख्या संघाच्या दोन्ही डावांपेक्षा जास्त. गोवा एक डाव आणि 551 धावांनी जिंकला, तोही दोन दिवसांत. तेव्हा या विक्रमाला विक्रम म्हणायचे का, आणि दुबळ्या गटात अशी कामगिरी करणाऱ्याला देशपातळीवरचे वरचे बक्षीस द्यायचे का? तो वाद त्या शुक्रवारी मिटला नाही. माझ्या मते तो नीट समजून घ्यायचा तर 1948 सालापर्यंत मागे जावे लागते.

आधी आजची रचना थोडक्यात सांगतो, कारण मंडळातल्या सगळ्यांनाच क्रिकेटचे वेड असेल असे नाही. 1934-35 साली सुरू झालेली रणजी स्पर्धा कितीतरी वर्षे विभागवार खेळली जाई. 2002-03 पासून संघांचे वरचा आणि खालचा असे दोन गट झाले, एलिट आणि प्लेट. खालच्या गटात चांगले खेळणाऱ्याला वर जाता येते, वर हरणाऱ्याला खाली यावे लागते. गोवा असाच घसरून प्लेटमध्ये आला होता. 2018-19 च्या हंगामात ईशान्येकडची सहा राज्ये, बिहार, उत्तराखंड आणि पुदुच्चेरी असे नऊ संघ एकदम आले आणि प्लेट गट त्यांचाच झाला. त्याच हंगामात बिहारच्या आशुतोष अमन या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने आठ सामन्यांत 68 बळी घेतले, सरासरी 6.48. बिशनसिंग बेदींचा 1974-75 मधला 64 बळींचा विक्रम मोडला. सिक्कीमकडून खेळणाऱ्या मिलिंद कुमारने आठ सामन्यांत 1331 धावा केल्या. लक्ष्मणच्या 1999-2000 मधल्या 1415 धावांच्या विक्रमापासून तो 84 धावा दूर राहिला.

सर्वाधिक धावा आणि सर्वाधिक बळींसाठी क्रिकेट मंडळाचा माधवराव सिंधिया पुरस्कार असतो. त्या हंगामाचे दोन्ही पुरस्कार या दोघांना मिळाले. मिळायलाच हवे होते, कारण तिथे निवड नसते, नुसती बेरीज असते. पण रणजीतला सर्वोत्तम अष्टपैलू खेळाडू ठरवायचा लाला अमरनाथ पुरस्कार मुंबईच्या शिवम दुबेकडे गेला. बेरीज आणि पसंती यांतला हा फरक लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे. नंतर मंडळाने बेरजेचेही दोन भाग केले. 2023-24 च्या हंगामासाठी एलिटमधल्या सर्वाधिक धावांचा पुरस्कार आंध्रच्या रिकी भुईला, आणि प्लेटमधल्या सर्वाधिक धावांचा वेगळा पुरस्कार मिझोरामच्या अग्नी चोप्राला दिला गेला. लग्नघरात दोन पंगती असतात तसे. जेवण तेच, पण कोण कुठे बसला हे सगळ्यांनी पाहिलेले असते.

आता 1948.

डिसेंबर महिना, पुणे क्लबचे मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाड म्हणजे आजच्या सौराष्ट्राचा पूर्वावतार. त्यांचा पहिला डाव 238 धावांत संपला. मग कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर फलंदाजीला आले. कमल भांडारकरांबरोबर (205) त्यांनी दुसऱ्या विकेटसाठी 455 धावांची भागीदारी केली. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीला खेळ थांबला तेव्हा महाराष्ट्र 4 बाद 826, आणि निंबाळकर 443 वर नाबाद. 494 मिनिटे, 49 चौकार, एक षटकार. जागतिक विक्रम त्यावेळी डॉन ब्रॅडमनच्या नावावर होता, 452 नाबाद. बरोबरीला नऊ धावा हव्या होत्या, मोडायला दहा.

त्या दहा धावा झाल्याच नाहीत. काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकूरसाहेब होते. त्यांनी सुट्टीत बजावले, डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघतो. महाराष्ट्राने डाव घोषित केला नाही आणि काठियावाडचा संघ सामना सोडून गेला. आपल्या नावापुढे असा विक्रम लागू नये, ही भावना समजू शकते. हरण्याची लाज वाटत नाही इतकी पाहुण्याच्या पराक्रमाला साक्षी राहण्याची वाटते, असा काही माणसांचा स्वभाव असतो. पण शिक्षा झाली ती फलंदाजाला.

ही खेळी ज्या वेळी झाली ती वेळही पाहा. वेस्ट इंडिजचा संघ तेव्हा भारतात होता. दुसरी कसोटी 13 डिसेंबरला मुंबईत संपली होती, तिसरी 31 डिसेंबरला कलकत्त्यात सुरू व्हायची होती. त्या मधल्या पंधरवड्यात पुण्यात एक मनुष्य 443 धावा करतो, आणि उरलेल्या तीन कसोट्यांपैकी एकीतही त्याला जागा मिळत नाही. मालिकेतली शेवटची कसोटी भारताला जिंकायला 361 हव्या असताना 8 बाद 355 वर सुटली, सहा धावा कमी पडल्या. निंबाळकर असते तर त्या निघाल्या असत्या, असे मी म्हणणार नाही. हजारे, मोदी, अमरनाथ, मुश्ताक अली, अधिकारी, फडकर हे फलंदाज त्या मालिकेत खेळले. जागा अडवून बसलेली ही काही ऐरीगैरी मंडळी नव्हती. पण निंबाळकरांना पुढेही कसोटी मिळाली नाही. 1949-50 मध्ये कॉमनवेल्थ संघाविरुद्ध एक अनधिकृत कसोटी मिळाली, तेवढीच. प्रथम श्रेणीत 4841 धावा, सरासरी 47.93, बारा शतके. अधिकृत कसोटी एकही नाही.

निंबाळकरांच्या विरुद्ध जे बोलले जाते त्यातला पहिला मुद्दा काठियावाडच्या दुबळ्या गोलंदाजीचा. दुसरा पुण्याच्या खेळपट्टीचा, आणि तो खरा आहे. त्याच हंगामात मार्च 1949 मध्ये पुण्यातच मुंबई आणि महाराष्ट्र यांचा उपांत्य सामना झाला. त्यात दोन्ही संघांनी मिळून 2376 धावा केल्या, प्रथम श्रेणीच्या एका सामन्यातल्या सर्वांत जास्त. तिथे धावा पिकत, हे मान्य. मात्र काठियावाडविरुद्धच्या सामन्यात त्याच खेळपट्टीवर महाराष्ट्राच्या 826 धावांपैकी निम्म्याहून जास्त एकट्याच्या होत्या, हेही मान्य करावे लागेल.

दुबळ्या प्रतिस्पर्ध्याच्या मुद्द्यावर मात्र थोडे थांबायला हवे. प्रथम श्रेणी क्रिकेटच्या सगळ्या इतिहासात चारशे किंवा त्याहून जास्त धावांची खेळी अकराच वेळा झाली आहे. त्या कोणाविरुद्ध झाल्या हे एकदा पाहू. 1895 मध्ये आर्ची मॅक्लारेनच्या 424 सॉमरसेटविरुद्ध. 1923 मध्ये पॉन्सफर्डच्या 429 टास्मानियाविरुद्ध, आणि टास्मानियाला शेफील्ड शील्ड स्पर्धेत प्रवेश मिळाला तो 1977-78 साली. 1927 मध्ये पुन्हा पॉन्सफर्डच, 437, क्वीन्सलँडविरुद्ध. 1959 मध्ये हनीफ महंमदच्या 499 बहावलपूरविरुद्ध. 1974 मध्ये आफताब बलोचच्या 428 बलुचिस्तानविरुद्ध. 1988 मध्ये ग्रॅएम हिकच्या नाबाद 405, पुन्हा सॉमरसेट. 1994 मध्ये लाराच्या नाबाद 501 डरहॅमविरुद्ध, आणि डरहॅम प्रथम श्रेणीत आले होते 1992 मध्ये. 2022 मध्ये सॅम नॉर्थईस्टच्या नाबाद 410 लीस्टरशरविरुद्ध. लाराच्या 2004 मधल्या अँटिग्वाच्या नाबाद 400 या एकट्याच कसोटीतल्या, म्हणून निराळ्या. बाकी कुठेही समोर त्या काळातला बलाढ्य संघ नव्हता. चारशे धावा तशा होतच नाहीत. समोरचा कोलमडलेला असावा लागतो आणि आपण थांबायचे नाही असे ठरवलेले असावे लागते.

या यादीत मी ब्रॅडमनचे नाव मुद्दाम मागे ठेवले. त्याच्या नाबाद 452 जानेवारी 1930 मध्ये सिडनीला झाल्या, क्वीन्सलँडविरुद्ध. क्वीन्सलँड शेफील्ड शील्डमध्ये आले 1926-27 साली आणि ती ढाल त्यांनी पहिल्यांदा जिंकली 1994-95 साली. अडुसष्ट वर्षांनी! पण ब्रॅडमनला आजवर कोणी विचारलेले नाही की बाबा, समोर कोण होते? कारण त्याच वर्षी तो इंग्लंडला गेला आणि पाच कसोट्यांत 974 धावा केल्या, लीड्सला एका डावात 334. सिडनीच्या खेळीची खात्री लीड्सला पटली. निंबाळकरांना लीड्स मिळालेच नाही. मग त्यांच्या 443 ला काठियावाड चिकटून राहिले ते कायमचे. दोघांच्या खेळीत फरक नऊ धावांचा. पुढे मिळालेल्या संधीतला फरक फार मोठा.

माझ्या मते वादाची गाठ इथे आहे. आपण म्हणतो की लहान संघातल्या खेळाडूने मोठ्यांसमोर स्वतःला सिद्ध केलेले नसते, म्हणून त्याला वरचा मान देऊ नये. पण मोठ्यांसमोर उभे करणे त्याच्या हातात नसते. निवड समितीने ज्याला उभेच केले नाही, त्याला नंतर "सिद्ध कुठे केलंस?" असे विचारायचे, याला काय म्हणावे?

हा वाद आपल्याकडेच आहे असेही नाही. अमेरिकेत ज्यांची मुले शिकतात त्यांना तिथल्या कॉलेज फुटबॉलचे वेड ठाऊक असेल. तिथे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला हाइसमन ट्रॉफी मिळते, मतदानाने. 2024 च्या हंगामात आयडाहो राज्यातल्या बॉयझी स्टेट या लहान गटातल्या कॉलेजचा अ‍ॅश्टन जेंटी चेंडू बगलेत घेऊन एकूण 2601 यार्ड धावला. बॅरी सँडर्सचा 1988 मधला विक्रम 2628 यार्डांचा, म्हणजे अवघे 27 यार्ड कमी. मतदान झाले आणि ट्रॉफी कोलोरॅडोच्या ट्रॅव्हिस हंटरला गेली. जेंटी दुसरा आला. त्याच्याविरुद्धचा एक आक्षेप आपल्या पुणेकरांच्या तोंडचाच होता, समोर कोण होतं? फरक इतकाच की जेंटीला एक दिवस मिळाला होता. सप्टेंबरमध्ये ओरेगॉनसारख्या बलाढ्य संघाशी गाठ पडली. त्याचा संघ 34-37 असा हरला, पण तो 192 यार्ड धावला. 2025 मध्ये व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले तेव्हा तो सहाव्याच क्रमांकावर उचलला गेला.

दुसरी बाजूही आहे. जानेवारी 2016 मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडे या शाळकरी मुलाने एका डावात नाबाद 1009 धावा केल्या. समोरच्या शाळेचे दोन डाव 31 आणि 52 धावांत आटोपले. जगभरच्या वर्तमानपत्रांत त्याचे नाव झाले, शिष्यवृत्ती जाहीर झाली, आणि पुढची वाट त्या पोराला सोपी गेली नाही. एका दिवसाच्या आकड्यावर माणूस एवढा उंच चढवला की त्याला पुढचा प्रत्येक डाव छोटाच वाटणार. पर्वरीच्या विक्रमाबद्दल पुणेकरांना जी शंका होती ती अगदीच कोती नव्हती, हे मी या कारणाने म्हणतो. पण तेवढ्याच न्यायाने त्यांनी 2016 च्या वानखेडेवरच्या सामन्याचे उरलेले अर्धे धावपत्रकही वाचायला हवे. गुगळे-बावणे जोडीने 594 केल्या, त्याच सामन्यात दिल्लीने 590 काढल्या आणि ऋषभ पंतने एकट्याने 308. मोठा प्रतिस्पर्धी होता खरा, खेळपट्टी मात्र पाटासारखी होती.

आणि मोठ्या संघात असले म्हणजे न्याय मिळतोच असेही नाही. पद्माकर शिवलकर मुंबईचे. त्यांच्यापेक्षा मोठा संघ कोणता? 1958-59 ते 1972-73 सलग पंधरा वर्षे मुंबईने रणजी जिंकली. त्यातल्या शेवटच्या अंतिम सामन्यात मद्रासला शिवलकरांनी 16 धावांत 8 आणि 18 धावांत 5 बळी घेतले. प्रथम श्रेणीत 589 बळी, सरासरी 19.69. कसोटी एकही नाही, कारण बेदी. हरयाणाच्या राजिंदर गोयलांचे रणजीत 637 बळी, आजवरचे सर्वाधिक. त्यांचीही कसोटी नाही, कारण तेच. मोठ्या संघातला आणि छोट्या संघातला, दोघे एकाच दाराबाहेर उभे राहिले. मार्च 2017 मध्ये दोघांना एकाच समारंभात सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला गेला. शिवलकर तेव्हा सत्तरी ओलांडून गेले होते.

तेव्हा माझे मत असे. बेरजेच्या पुरस्काराला गटाची भिंत घालू नये. सर्वांत जास्त धावा म्हणजे सर्वांत जास्त धावा. वहीत त्यापुढे प्रतिस्पर्ध्याचे नाव लिहिलेले असतेच, वाचणाऱ्याने वाचावे. पसंतीच्या पुरस्कारात समोर कोण होते हे जरूर पाहावे, पण "प्लेट" हा शब्द दिसला की कागद खाली ठेवायचा, हे पाहणे नव्हे. त्याच खेळपट्टीवर त्याच्या साथीदारांनी काय केले, वर्षभर केले की एकदाच, आणि बलवान संघाशी गाठ पडली तेव्हा काय झाले, हे बघणे म्हणजे पाहणे. 2010 मध्ये राजस्थान प्लेट गटात असताना दीपक चहरने पदार्पणातच 10 धावांत 8 बळी घेऊन हैदराबादला 21 धावांत गुंडाळले. हैदराबाद, दोनदा रणजी जिंकलेला संघ! त्याच हंगामात राजस्थान प्लेटमधून चढत जाऊन करंडक जिंकले. आणि चहरने 2019 मध्ये नागपूरला बांगलादेशविरुद्ध भारतासाठी 7 धावांत 6 बळी घेतले. त्या प्लेटमधल्या आठ बळींची खरी किंमत तेव्हा कळली, असे म्हणायला हरकत नाही.

विदर्भाचेही तसेच. 1957-58 पासून रणजी खेळणारा हा संघ साठ वर्षे पाहुण्यांना धावा पुरवण्यासाठी प्रसिद्ध होता. चंद्रकांत पंडितांच्या हाताखाली 2017-18 मध्ये तो पहिल्यांदा जिंकला, पुढल्या वर्षी पुन्हा. 2024-25 मध्ये तिसऱ्यांदा जिंकताना विदर्भाच्या हर्ष दुबेने 69 बळी घेतले आणि आशुतोष अमनचा विक्रम एका बळीने मोडला, तोही वरच्या गटात. बिहारच्या अमनला याचे वाईट वाटले असेल की बरे, कोण जाणे.

वेगळ्या पंगतीचा प्रश्न आपल्याला ओमानमध्ये जास्त जवळचा आहे. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद 2007 पासून सहसदस्य देशांतल्या सर्वोत्तम खेळाडूला वेगळा पुरस्कार देते. 2021 सालचा तो पुरस्कार ओमानचा त्यावेळचा कर्णधार झीशान मकसूद याला मिळाला. त्या वर्षी टी-20 विश्वचषकाचा पहिला सामना मस्कतजवळच्या अल अमरात मैदानावर झाला होता. पापुआ न्यू गिनीविरुद्ध त्याने 20 धावांत 4 बळी घेतले आणि ओमान दहा गडी राखून जिंकले. निझव्याहून मस्कतचा रस्ता दीडशे किलोमीटरांहून थोडा जास्त, तरी आमच्यातले काहीजण जाऊन आले होते. पुरस्काराची बातमी आली तेव्हा इथल्या क्रिकेटवेड्यांना अतोनात आनंद झाला. तरी माझ्या मनात आले, हा मान आहे की समजूत? वेगळे बक्षीस ओळख करून द्यायला चांगले. पण ते एकदा हातात पडले की मोठ्या बक्षिसाच्या यादीत आपले नाव कोणी शोधत नाही. मला विचाराल तर अशा संघाला दहा बक्षिसांपेक्षा मोठ्यांविरुद्ध दहा सामने द्यावेत.

19 सप्टेंबर 2025 ला असा एक सामना मिळाला. आशिया चषकात अबू धाबीला ओमान विरुद्ध भारत. आमच्या घरी त्या दिवशी कोणाच्या बाजूने ओरडायचे हा पेच होता, विशेषतः ज्या मुलांचा जन्मच इथला आहे त्यांना. भारत 8 बाद 188. ओमानने 4 बाद 167 केल्या आणि 21 धावांनी हरले. त्रेचाळीस वर्षांच्या आमिर कलीमने 64 काढल्या, हम्माद मिर्झाने 51. ज्या संघाचे पारडे जड म्हणून कोणी ओमानचे नाव घेतले नसते त्याच्यासमोर त्यांनी चारच गडी गमावले. त्या 64 धावांबद्दल समोर कोण होते असे विचारायची सोय कोणालाच उरली नाही.

गोव्याने 2024-25 मध्ये प्लेट गट जिंकला आणि पुढल्या हंगामासाठी त्यांना वरच्या गटात जागा मिळाली. बखले-कवठणकरांच्या 606 चे काय करायचे ते तिथल्या धावा ठरवतील. निंबाळकरांचा विक्रम मात्र अजून जागच्या जागी आहे. जानेवारी 2024 मध्ये हैदराबादच्या तन्मय अगरवालने एका दिवसात नाबाद 323 केल्या तेव्हा कोल्हापूरकरांचा जीव रात्रभर टांगणीला लागला असणार. समोर अरुणाचलच होते. दुसऱ्या दिवशी तो 366 वर बाद झाला.

काठियावाडविरुद्धच्या त्या सामन्यानंतर भाऊसाहेब सोळा हंगाम रणजी खेळत राहिले. महाराष्ट्र, बडोदा, होळकर, राजस्थान, रेल्वे, जिथे जागा मिळेल तिथे ते खेळले. 1964-65 मध्ये थांबले तेव्हा वय पंचेचाळीस होते. सी. के. नायडू पुरस्कार त्यांनाही मिळाला, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर. 11 डिसेंबर 2012 रोजी कोल्हापुरात ते वारले. दुसऱ्या दिवशी त्यांचा त्र्याण्णवावा वाढदिवस होता.